सत्तावीस नंबर

गंगापूर नाक्यावर पहाटे साडेपाचला बेचाळीस गाड्या.
सुयोग पिंगळेच्या हातात यादी, गळ्यात शिट्टी.
मला मिळाला सत्तावीस नंबर,
हेडलाइटच्या काचेवर चिकटवायचा गोल कागद,
आणि सूचना: ओव्हरटेक नाही, मध्येच थांबणं नाही,
लघवीला गिरणारे, फोटोला वाघेरा घाट,
मिसळ परत आल्यावर.

डिसेंबर होता. द्राक्षबागांवर धुकं होतं म्हणे.
मी पाहिला तो सव्विसाव्याचा लाल दिवा
आणि त्याच्या पाठीवरचा छापील गरुड,
डावा पंख शिवणीत अडकलेला.
अठरा किलोमीटर त्या गरुडाशी एकनिष्ठ राहिलो.
तो झुकला की झुकलो.
त्यानं ब्रेक दाबला की माझ्या पोटात लागला.

गिरणाऱ्याला चौकात मजूर उभे होते, डबे घेऊन,
कामाला कोण नेतंय बघत.
एक बाई शेजारणीला म्हणाली,
‘एवढे सगळे कुठं गं कामाला चालले?’
आम्ही हसलो,
आणि एकाच भिंतीकडे तोंड करून रांगेत उभे राहिलो.

धोंडेगावच्या पुढे, वडाच्या वळणावर
एक म्हातारा हात वर करून उभा.
पहिल्यानं हॉर्न दिला, दुसऱ्यानं हात हलवला,
तिसऱ्यानं अंगठा दाखवला.
सत्ताविसाव्यापर्यंत येता येता
म्हाताऱ्याचा हात खांद्याशी उतरला होता.
पायाशी पोतं. पोत्यात काहीतरी हलत होतं.
मीही हॉर्न दिला.

घाटात ड्रोन उडाला. फोटोत मी आहे,
सुयोगनं बाण काढून पाठवलाय.

त्यानंतर गेलो नाही. कुणाच्या लक्षात आलं नाही,
सव्विसाव्याच्याही नाही;
त्याच्या आरशात मी नुसता एक दिवा होतो.

आता एकटा जातो, नाहीतर खैरनार आणि रफिक.
तिघांच्या वर नाही. याला काही शास्त्र नाही.
तिघांत एकाची चेन उतरली तर दोघं उकिडवे बसतात,
बेचाळिसांत उतरली तर चर्चा होते.
खैरनार पुढे, कारण मान आखडलीय, मागचं बघता येत नाही.
रफिक मागे, कारण त्याच्या गाडीला तेवढंच जमतं.
एकदा दुगावजवळ थांबलो तेव्हा रफिक म्हणाला, ‘वास आला?’
खैरनार म्हणाला, ‘मेथी.’
दिवसभरातलं बोलणं एवढंच,
आणि परत येताना तिघांच्याही हँडलला जुड्या लटकत होत्या.

एकट्यानं गेलं की वाघेऱ्यावर इंजिन बंद करतो.
सायलेन्सर गार होताना टिक्, टिक् वाजतो,
आधी भराभर, मग अंतर ठेवून,
मग आता संपलं वाटतं तेव्हा आणखी एक.
नऊ वर्षं गाडी माझी, मला हे माहीत नव्हतं.

खोटं कशाला बोलू, भीतीही वाटते.
हरसूलच्या अलीकडे ट्यूब गेली एकदा,
दीड तास रस्त्यावर फक्त मी आणि उन्हं.
सुयोगची शिट्टी आठवली तेव्हा,
आणि मागची ती जीप, पंपवाली. मनापासून आठवली.
मग शाळेच्या खाकी चड्डीतला एक पोरगा आला,
दप्तर माझ्या गळ्यात अडकवलं
आणि न विचारता मागून ढकलायला लागला.
नाव विचारलं तर म्हणाला, ‘आधी चढ संपू द्या.’

वडाच्या वळणावर दर वेळी गाडी हळू होते.
एकदा तिथं शेळी होती,
एकदा कुणाची तरी चप्पल, एकच, डाव्या पायाची.
मागची सीट मोकळी ठेवतो. पिशवी टाकीवर बांधतो.

घरी वैजयंती विचारते, ‘कोण कोण होतं?’
मी बूट काढता काढता सांगत बसतो:
भागवत, सातवीतला, ढकलणारा;
मेथीवाली, जिनं सुटे नव्हते म्हणून चौथी जुडी दिली;
एक शेळी.
ती म्हणते, ‘आणि?’

आणि पोत्यात काय हलत होतं,
तेवढं राहिलंय.